मिचेल पटम नावाचा माणूस

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत ज्या इमारतीत त्रिवेणी बिराजदार तीस वर्षं राहिली, तिथली निम्मी माणसं तिला नावाने ठाऊक नव्हती. पण मेरीलँड, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स तिकडची तीनशे वर्षांपूर्वी मेलेली हजारो माणसं तिला ठाऊक होती. ते तिचं कामच होतं.

आबिड्सच्या मोठ्या पोस्टामागे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. अमेरिकेतल्या जुन्या चर्चच्या आणि कोर्टांच्या वह्यांचे फोटो तिथे पडद्यावर यायचे. पिसाच्या लेखणीने लिहिलेली, शाई उडालेली, कडा कुरतडलेली पानं. त्यातलं नाव, गाव, साल वाचायचं आणि समोरच्या रकान्यांत टाइप करायचं. मग तिकडची माणसं घरबसल्या कॉम्प्युटरवर नाव टाकून आपले खापरपणजोबा हुडकायची. आपल्या मूळ पुरुषाचं नाव हैदराबादेतल्या एका बाईने डबा खाऊन झाल्यावर टाइप केलंय, हे त्यांच्या स्वप्नातही येत नसेल.

या कामाला ती लागली तेव्हा पस्तिशीची होती. नवरा विजयराव वीज खात्यात होते, ते किडनीच्या दुखण्याने गेले. पदरी सात वर्षांची शिल्पा. त्रिवेणी मूळची बीदरकडच्या भालकीची, शेतकऱ्याची मुलगी, शिक्षण मराठी शाळेत. इंग्रजी तिला वाचता यायचं, बोलताना मात्र जीभ अडखळायची. कॉन्व्हेंटमधल्या पंधरा मुलींबरोबर ती परीक्षेला बसली. जुन्या अक्षराची एक ओळ सगळ्यांना वाचायला दिली होती. त्यात बोस्टन हे गावाचं नाव होतं, पण त्या काळी शब्दाच्या मध्ये आलेला ‘एस’ लांब शेपटीचा काढत, अगदी ‘एफ’सारखा. पंधराही जणींनी ‘बोफ्टन’ लिहिलं. त्रिवेणीने त्याच ओळीतले बाकीचे शब्द न्याहाळले, ते शेपटीवालं अक्षर आणखी दोन ठिकाणी सापडलं, आणि तिने ‘बोस्टन’ लिहिलं.

“तुम्हाला कसं कळलं?” परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

“सर, मला इंग्रजी शब्द फार येत नाहीत,” ती म्हणाली. “म्हणून मी अक्षरंच बघते.”

ती नोकरी तिला त्या उत्तरावर मिळाली, असं ती अजून सांगते. ऑफिसचा नियमही तिच्या स्वभावाला धरून होता: जे दिसतं तेच टाइप करा, मनाचं घालू नका. चोवीस वर्षं तिने तो नियम पाळला. कुणा बाईची अकरा बाळं एकामागून एक पुरल्याच्या नोंदी आल्या, की ती दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसायची, पाणी प्यायची, आणि बारावी ओळ घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात मशीन आलं. म्हणजे दिसायला काही आलं नाही. पडद्यावरच एक नवा रकाना आला. जुनी अक्षरं आता कॉम्प्युटर आपली आपण वाचायला लागला. तीस जणींपैकी सहा जणी उरल्या. त्यांचं काम मशीनने वाचलेलं तपासायचं. प्रत्येक नोंदीपुढे एक आकडा असायचा, मशीनला स्वतःची किती खात्री आहे ते सांगणारा. पंचाण्णवच्या वर आकडा असेल तर नोंद उघडायचीही गरज नाही, असं नवीन मॅनेजर सारंगने सांगितलं होतं. सारंग पुण्याचा, चौतिशीचा, सभ्य मुलगा. त्रिवेणीला तो ताई म्हणायचा आणि तिच्या डब्यातली शेंगाची पोळी हक्काने मागून घ्यायचा.

त्रिवेणी मात्र पंचाण्णवच्या वरच्याही चार-दोन नोंदी रोज उघडून बघायची. हात शिवशिवायचे म्हणा किंवा मशीनवर विश्वास नव्हता म्हणा.

जानेवारीतल्या एका दुपारी तिने अशीच एक नोंद उघडली. मेरीलँडमधल्या एका कोर्टाची वही, साल सतराशे तेरा. मशीनने वाचलं होतं: ‘हॅना, मिचेल पटम याची मुलगी.’ खात्री अठ्ठ्याण्णव.

पूर्वी वहीचं पान तुकडे करून यायचं, प्रत्येकीला एकेक पट्टी. आता अख्खं पान दिसत होतं. त्रिवेणीने चष्मा पुसला आणि सवयीप्रमाणे वरच्या आणि खालच्या ओळी वाचल्या. हॅना नावाची एक ईस्ट इंडियाची बाई कोर्टापुढे उभी आहे. ती सांगते, की आपण मूळच्या मेचलेपटमच्या. शब्द ओळीच्या शेवटी तुटला होता आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला पुरा झाला होता. त्याच्या पुढे लिहिलं होतं, ‘गुलकोंड्याच्या राजाच्या मुलखातलं.’

त्रिवेणीने तो शब्द पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा अक्षर अक्षर सुटं करून वाचला. ज्या गोलकोंड्याची पाटी लावलेली बस तिला रोज संध्याकाळी स्टॉपवर दिसायची, तोच गोलकोंडा. आणि मेचलेपटम म्हणजे मछलीपट्टणम. कुतुबशाहीचं बंदर, जिथून छापील कापड जहाजांत भरून विलायतेला जायचं. माणूस नव्हेच. गाव.

पुढच्या ओळी तिने हळूहळू लावल्या. हॅना नऊ वर्षांची असताना एका जहाजाच्या कप्तानाने तिला लंडनला नेलं. तिथून सात वर्षांच्या चाकरीचा कागद करून मेरीलँडला धाडलं. सात वर्षं कधीच सरली, पण मालक सोडत नाही. आता तिचं वय चाळीसच्या आसपास आहे, आणि तिला मोकळं करावं अशी तिची विनंती आहे.

मशीन चुकलं, असं म्हणून त्रिवेणी नोंद दुरुस्त करायला गेली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पहिली नोंद दोन हजार चार, टायपिस्ट क्रमांक एकशे चौदा.

एकशे चौदा क्रमांक तिचाच होता.

ती उठून सारंगच्या टेबलापाशी गेली. “सारंग, हे मशीन वाचायला शिकलं कुणाकडून?”

“जुन्या टायपिंगवरून, ताई. आधी माणसांनी वाचलेलं दाखवून शिकवावं लागतं त्याला.” तो हसला. “खरं सांगू का, जास्त करून तुमच्याच नोंदी घेतल्यात. सगळ्यांत स्वच्छ काम तुमचंच होतं.”

 जागेवर परत येऊन त्रिवेणीने वेबसाइटवर ‘मिचेल पटम’ शोधलं. चारशे बारा घराण्यांच्या वंशवृक्षांत तो बसलेला होता. कुणी त्याला ब्रिस्टलमध्ये जन्माला घातलं होतं. कुणी त्याला एलिझाबेथ नावाची बायको दिली होती. एकाने तर त्याच्या नावापुढे हरणाचं शिंग असलेलं कुलचिन्हही लावलं होतं. एका दुपारी तिच्या बोटांतून निघालेला हा माणूस वीस वर्षांत तिकडे लेकुरवाळा झाला होता. वाचताना हसू यावं असंच ते होतं, पण तिला हसू आलं नाही. त्या दिवशी आपण कशात होतो, शिल्पाला ताप होता का, घाई होती का, हे आठवायचा तिने खूप प्रयत्न केला. काहीच आठवलं नाही. साधा दिवस असावा. पट्टीवर दोन ओळींत तुटलेला शब्द दिसला, तो नाव-आडनावासारखा वाटला, आणि तिने चोवीस वर्षांत बहुधा एकदाच मनाचं घातलं.

तिने दुरुस्ती केली. जन्मगाव मछलीपट्टणम, मुलूख गोलकोंडा, बाप माहीत नाही, आई माहीत नाही. आणि कोर्टाने पुढे काय केलं, ते बघायला वहीचं पुढचं पान काढलं. हॅनाला मोकळं केलं होतं. पण तिची सहा वर्षांची मुलगी, जी मालकाच्या घरी जन्मली, ती मात्र एकवीस वर्षांची होईपर्यंत मालकाकडेच राहील, असा हुकूम होता.

त्या संध्याकाळी त्रिवेणी आबिड्सवरून चिक्कडपल्लीपर्यंत चालतच आली.

अकरा दिवसांनी सारंगने तिला बोलावलं. त्याच्या पडद्यावर एक तक्रार होती. ओहायोतून विल्मा हॅस्किन नावाच्या एकोणऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेने लिहिलं होतं: ‘माझ्या पूर्वजाला कुणीतरी पुसून टाकलंय. त्याच्यासाठी मी दोनदा इंग्लंडला जाऊन आले. त्याच्या नावाचं बाकडं आमच्या दफनभूमीत बसवलंय. त्याला परत आणा.’

“आपण ठरलेलं उत्तर पाठवून देऊ,” सारंग म्हणाला. “दुरुस्ती योग्य आहे, धन्यवाद, वगैरे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ताई.”

“मला लिहू द्या तिला.”

“ताई, टायपिस्टने ग्राहकाशी बोलायचं नाही असा नियम आहे.”

“चोवीस वर्षांत मी एकही नियम मोडलेला नाही, सारंग. म्हणून विचारतेय.”

सारंगने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. दोन दिवस त्याने वरच्या साहेबांशी काय बोलणं केलं ते त्यालाच ठाऊक, पण परवानगी आणली. एक पत्र. आधी तो वाचणार.

पत्र लिहायला शिल्पा बसली. शिल्पा आता एकतीस वर्षांची, हायटेक सिटीत नोकरी करणारी, इंग्रजी तिचं फाडफाड. तिने पाच मिनिटांत मसुदा करून वाचून दाखवला. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, असं काहीसं होतं.

“गैरसोय काय गं?” त्रिवेणी म्हणाली. “तिचा बाप गेला.”

“आई, बाप नाही ना तो. ॲक्च्युअली तो कोणीच नाही.”

“तिला तर होता ना?”

शिल्पाने लॅपटॉप आईकडे सरकवला. “हौ, मग तूच लिही. मी फक्त स्पेलिंग बघते.”

त्रिवेणीने दोन रविवार घालून पत्र लिहिलं. त्यात असं होतं: मी हैदराबादला राहते. वीस वर्षांपूर्वी तुमच्या पणजीच्या पणजीचं नाव मी टाइप केलं. मी तिच्या गावाला तिचा बाप समजले. चूक माझी आहे, मशीनची नाही. मिचेल पटम कधी नव्हता. पण ती होती, आणि ती कुठून आली ते तिने स्वतःच्या तोंडाने कोर्टाला सांगितलं होतं, आणि कारकुनाने ते नीट लिहून घेतलं होतं. मीच ते अर्धं वाचलं. ते गाव माझ्या घरापासून एका रात्रीच्या रेल्वेवर आहे. सोबत दोन्ही पानं पाठवतेय. मोठी करून बघा, ओळीच्या शेवटी शब्द तुटलाय.

सारंगने पत्र वाचलं, एकही शब्द बदलला नाही, आणि पाठवून दिलं.

तीन आठवडे काही आलं नाही. मग एक लहानसं उत्तर आलं: ‘मला तुमच्याशी बोलायचंय. तोंड बघून.’

एका रविवारी सकाळी साडेसातला स्वयंपाकघराच्या टेबलावर शिल्पाने लॅपटॉप लावला. तिकडे शनिवारची रात्र होती. पडद्यावर आली ती पिकल्या आखूड केसांची, गव्हाळ रंगाची, नाकात प्राणवायूची बारीक नळी लावलेली एक बाई. पडद्याजवळ सरकून ती त्रिवेणीचा चेहरा न्याहाळू लागली.

“तुम्ही माझ्या अल्मामावशीसारख्या दिसता,” विल्मा म्हणाली. पुढे तिने जे सांगितलं ते त्रिवेणीला पुरतं कळावं म्हणून शिल्पा मधूनमधून मराठीत सांगत होती. विल्माच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले, की आपण इंडियन. सगळे समजायचे, म्हणजे तिकडचे मूळ रहिवासी. त्यांच्या एकेका जमातीच्या कचेरीत विल्माने चाळीस वर्षं पत्रं घातली. सगळीकडून एकच उत्तर: तुमच्या घराण्याची नोंद आमच्याकडे नाही. शाळेत तिला कुणी काळी म्हणायचं, कुणी पोर्तुगीज. मग वेबसाइटवर मिचेल सापडला आणि तिला वाटलं, चला, निदान एक तरी माणूस नावानिशी आपला आहे.

“माझी आजी खरंच बोलत होती म्हणायची,” विल्मा म्हणाली. “आम्हीच चुकीच्या इंडियात शोधत बसलो.”

“मला माफ करा,” त्रिवेणी म्हणाली. हे वाक्य तिने इंग्रजीत पाठ करून ठेवलं होतं.

“पहिले आठ दिवस मी तुम्हाला खूप शिव्या दिल्या. आता राहू द्या.” विल्माने नळी नीट केली. “बाकडं मात्र मी काढणार नाही. बिचारा वीस वर्षं आमच्या घरातलाच झालाय.”

एवढ्यात सावित्रीबाई आत आल्या. त्रिवेणीची आई, वय चौऱ्याऐंशी; सहा वर्षांपासून लेकीकडेच राहत होत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी पडद्यात डोकावून पाहिलं. “काय करायलीस गं सकाळी सकाळी? कोन हाय ही बाई? आजारी दिसायली.”

“माय, ही अमेरिकेची हाय. हिची पणजी आपल्या इकडची.”

“कोन्या घरची?”

“तेच तर माहीत नाही.”

विल्माला म्हातारी काय म्हणते ते कळायला हवं होतं. शिल्पाने सांगितलं. विल्मा हसली आणि म्हणाली, “त्यांना विचार, त्यांच्या आईचं नाव काय?”

“रुक्मिणबाई,” सावित्रीबाई चटकन म्हणाल्या.

“आणि लग्नाच्या आधीचं?” हे त्रिवेणीने विचारलं. आपण ते का विचारलं ते तिलाही कळलं नाही. मग तिने विल्माला समजावून सांगितलं, की आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. मी स्वतः अलका होते. शाळेच्या दाखल्यावर अलका आहे. लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरून त्यावर त्रिवेणी लिहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून अलका म्हणून हाक मारणारं माहेरचंच कोणी उरलं तर उरलं.

विल्माने ते दोनदा सांगायला लावलं. मग ती हळूच म्हणाली, “म्हणजे हॅना हे काही तिच्या आईने ठेवलेलं नाव नव्हे.”

“नाही,” त्रिवेणी म्हणाली. “ते बहुतेक कप्तानाने ठेवलं असेल.”

“तिच्या आईने काय ठेवलं असेल?”

त्रिवेणीला दहा नावं सुचली होती. गेले कित्येक दिवस सुचत होती. पण जे दिसत नाही ते तिला घालायचं नव्हतं, परत एकदा तर नाहीच. “ते कुठे लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

विल्माने मान डोलावली. तिला हे उत्तर पटलं असावं, कारण त्यानंतर दर दोन आठवड्यांनी त्या बोलू लागल्या.

सावित्रीबाई मात्र त्या दिवशी धड जेवल्या नाहीत. आपल्या आईचं माहेरचं नाव आपल्याला माहीत नाही, हे त्यांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदाच उमगलं होतं. त्यांनी भालकीला भाच्याला, हिम्मतरावला, फोन लावायला लावला. गावात अजूनही चार-सहा वर्षांनी हेळवी यायचा, नंदीवर बसून, घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचून दाखवणारा. त्याच्या वहीत असेल, असं सावित्रीबाईंना वाटत होतं.

“आत्याबाई, त्या वहीत बापे असतेत नुस्ते,” हिम्मतराव म्हणाला. “बायांची नावं कुठं लिव्हतेत?”

सावित्रीबाईंनी फोन शिल्पाच्या हातात दिला आणि त्या भाजी निवडायला बसल्या. थोड्या वेळाने शिल्पा एक वही घेऊन त्यांच्यापाशी जमिनीवर बसली. तिला मराठी लिहिता नीट येत नाही. इंग्रजी अक्षरांतच ती आजीने सांगितलेली नावं लिहू लागली. काकू, आत्या, मावश्या, जावा. ज्यांचं माहेरचं नाव आठवलं त्यांचं तेही. सावित्रीबाईंच्या आईच्या नावापुढची जागा रिकामीच राहिली, ती आजही रिकामीच आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर विल्माची तब्येत जास्तच बिघडली. विमानात बसणं आता या जन्मी नाही, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते सांगताना ती रडली नाही, पण म्हणाली, “ट्रिव्हेनी, तू ते गाव पाहिलंयस?”

“नाही.”

“बघून ये ना माझ्यासाठी.”

शिल्पाने दोन दिवसांची रजा टाकली. मायलेकी रेल्वेने निघाल्या आणि सकाळी मछलीपट्टणमला उतरल्या. तिथले लोक गावाला नुसतं बंदर म्हणतात, पण बंदर असं आता तिथे जुनं काही फारसं नाही. खाडी गाळाने भरलेली, जुन्या वखारींच्या जागी गवत, डच लोकांची काही थडगी, एक मोडका बुरूज. त्रिवेणीने सगळ्याचे फोटो काढले. हॅनाची काही खूण सापडेल असं तिला वाटलं नव्हतंच, तरी प्रत्येक थडग्याचा दगड तिने वाकून वाचला. सगळे साहेबलोक होते.

ऑटोवाल्याने आरशातून पाहत तेलुगूत विचारलं, “मीकु इक्कड एवरुन्नारम्मा?” इथे तुमचं कोण आहे, म्हणून.

“मैत्रिणीचं माहेर आहे,” त्रिवेणीने तेलुगूत सांगितलं. शिल्पाने आईचा हात धरला.

संध्याकाळी त्या समुद्रावर गेल्या. गावापासून तो बराच लांब. पाणी निळंबिळं काही नव्हतं. काळपट मातीचं, गढूळ, संथ. पोरं पाण्यात ओरडत होती, बाया साड्या गुडघ्यापर्यंत धरून उभ्या होत्या. शिल्पाने फोन लावला. तिकडे सकाळ होती, विल्मा उशीला टेकून बसली होती.

“बोलू नका,” विल्मा म्हणाली. “जरा फक्त ऐकू द्या.”

त्रिवेणीने फोन समुद्राकडे धरून ठेवला. बाजूला मक्याची कणसं भाजणारी एक बाई बसली होती, विल्माच्या अर्ध्या वयाची. तिला या प्रकाराची गंमत वाटली. “काय दाखवताय अम्मा कुणाला?” तिने विचारलं.

त्रिवेणीने तिला तेलुगूत सगळं सांगितलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथून एक मुलगी जहाजाने नेली. तिच्या पोटच्या पोटची पोर ही, फोनमध्ये.

“केवढी होती मुलगी?”

“नऊ वर्षांची.”

निखाऱ्यांवर हलणारा बाईचा हातपंखा थांबला. “अय्यो,” ती म्हणाली. “तिची आई किती दिवस इथे येऊन बसली असेल हो.”

विल्माने फोनमधून विचारलं, “काय म्हणतेय ती?”

त्रिवेणीने ते इंग्रजीत सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं, की आपण इतके महिने ती दोन पानं वाचतोय, कप्तान वाचला, मालक वाचला, न्यायाधीश वाचले, आणि मागे किनाऱ्यावर राहिलेली ती बाई एकदाही डोळ्यांपुढे आली नाही. कारण तिच्याबद्दल तिथे एक अक्षरही नव्हतं.

विल्मा उशीवरून पुढे सरकली. मग तिने विचारलं, त्या बाईला फोन देता का. कणीसवालीने पदराला हात पुसून फोन हातात घेतला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. विल्मा इंग्रजीत काहीतरी म्हणाली, कणीसवाली तेलुगूत म्हणाली की जेवून घ्या, औषध घ्या, काळजी करू नका, तुमचं गाव आहे, कधीही या. मग तिने एक कणीस मीठ-लिंबू चोळून फोनसमोर धरलं आणि दाखवून झाल्यावर शिल्पाला खायला दिलं.

परत आल्यावर सारंगने एक काम केलं, जे त्रिवेणीने त्याला सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांच्याच जुन्या नोंदींतून ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द त्याने वेगळे काढले आणि सहा जणींकडून ते पुन्हा वाचून घेतले. आणखी नऊ चुका निघाल्या. त्रिवेणीच्या चार, बाकी इतरांच्या. त्यातही दोन गावं माणसं होऊन बसली होती. सगळी दुरुस्त झाली आणि मशीनला नव्याने शिकवलं गेलं. त्यानंतर मशीन इतकं नीट वाचायला लागलं, की ऑगस्टमध्ये सहापैकी चौघींचं काम संपलं. त्यांत त्रिवेणीही होती. निरोपाच्या दिवशी सारंग तिच्या टेबलापाशी आला. “ताई, मी वर खूप सांगून पाहिलं,” एवढंच तो म्हणाला.

“जाऊ द्या हो. मला अठ्ठावन्न पुरी झाली,” त्रिवेणी म्हणाली, आणि डबा उघडून त्याच्यापुढे शेंगाची पोळी ठेवली.

घरी बसून पंधरा दिवस तिने कपाटं आवरली, देवळं केली, सावित्रीबाईंशी दोनदा भांडून झालं. सोळाव्या दिवशी विल्माच्या नातवाने पाठवलेली एक मोठी फाइल आली. विल्माच्या आजीच्या ट्रंकेत बांधून ठेवलेली दीडशे वर्षांपूर्वीची पत्रं, बाप्तिस्म्याचे दाखले, एका पाकपुस्तकाची सुटी पानं. त्यांच्यात कुणालाच ते अक्षर लागत नव्हतं. विल्माने लिहिलं होतं, ‘घाई नाही. पण मी आहे तोवर वाचून दाखव.’

आता दर शनिवारी सकाळी त्रिवेणी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसते आणि विल्माला तिच्याच घरातल्या बायकांची पत्रं वाचून दाखवते. तिचं इंग्रजी अजून अडखळतं, पण त्या बायकांचंही काही फार सुधारलेलं नव्हतं, असं विल्मा म्हणते. कुणाची गाय आटली, कुणाला तिसरी मुलगी झाली, कुणी न सांगता घर सोडून गेली. सावित्रीबाई बाजूला खुर्ची ओढून बसतात आणि मधेच विचारतात, मग पुढं काय झालं तिचं? गेल्या शनिवारी एका पत्रात शाईवर पाणी पडलेला एक शब्द आला. विल्मा म्हणाली, अंदाजाने वाच, मी आहे समजून घ्यायला.

“थांबा,” त्रिवेणी म्हणाली. तिने चष्मा काढून पदराने पुसला, पान मोठं केलं, आणि त्या अक्षरासारखं दुसरं अक्षर वरच्या ओळींत शोधू लागली.